हवेतला एक आकडा आणि सत्तेचाळीस वर्षे

दर वर्षी मे-जूनच्या सुमारास वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी येते: वातावरणातील कार्बन डायऑक्साइडने नवा उच्चांक गाठला. २०२५ च्या मे महिन्यात हवाई बेटांवरील मौना लोआ येथील मासिक सरासरी प्रथमच ४३० पीपीएमच्या वर गेली, तेव्हाही ती आली होती. ती वाचून वाचकाच्या मनात भीतीपेक्षा गोंधळ जास्त उरतो, आणि तो गोंधळ रास्त आहे. खोलीतली हवा वेगळी, रस्त्यावरची वेगळी, रानातली वेगळी. मग अख्ख्या पृथ्वीच्या हवेसाठी एकच आकडा कोण काढतो आणि कसा? तो महासागराच्या मध्यभागी असलेल्या एका ज्वालामुखीवरच का मोजायचा? आणि त्यावर इतका विश्वास का ठेवायचा?

या प्रश्नांची उत्तरे पाठ्यपुस्तकातल्या व्याख्यांपेक्षा एका माणसाच्या कामातून अधिक नीट उमगतात. चार्ल्स डेव्हिड कीलिंग हे त्या अमेरिकी शास्त्रज्ञाचे नाव. १९५८ पासून २००५ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षे, त्यांनी मुख्यतः एकच गोष्ट मोजली. हवामानबदलाचे शास्त्र संगणकातल्या भाकितांवर उभे आहे असा समज बराच पसरलेला आहे. प्रत्यक्षात त्याच्या पायाचा मोठा भाग अशा बाहेरून कंटाळवाण्या वाटणाऱ्या, पण खंड पडू न देण्यासाठी जिवाचा आटापिटा करून चालू ठेवलेल्या मोजणीचा आहे.

पीपीएम म्हणजे नेमके किती?

पीपीएम म्हणजे 'दहा लाखांत किती'. बाष्प काढून टाकलेल्या कोरड्या हवेतले दहा लाख रेणू मोजले, तर त्यांत कार्बन डायऑक्साइडचे (यापुढे त्याला कर्बवायू म्हणू) जितके रेणू सापडतील, तितके पीपीएम. दहा लाख वस्तीच्या शहरात ४३० माणसांनी लाल टोपी घातली आहे अशी कल्पना केली की प्रमाणाचा अंदाज येतो. टक्केवारीत सांगायचे तर ते ०.०४३ टक्के होते. कोरड्या हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नायट्रोजनने आणि २१ टक्के भाग ऑक्सिजनने व्यापलेला आहे, आणि उरलेल्यापैकी बहुतेक जागा आर्गॉनने घेतलेली आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी लाल टोपीवाले सुमारे २८० होते.

एवढ्या कमी प्रमाणाने काय फरक पडतो, हा प्रश्न येथेच डोकावतो. त्याचे उत्तर पुढे येईल, कारण ते समजण्याआधी हे प्रमाण मोजणे किती अवघड होते हे पाहायला हवे.

कीलिंग यांच्या आधी कोणी मोजत नव्हते का?

मोजत होते, आणि अडचण नेमकी तीच होती. कर्बवायू उष्णता अडवतो हे जॉन टिंडॉल यांनी १८५९ च्या सुमारास प्रयोगशाळेत दाखवले होते. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये कागद-पेन्सिलीने हिशेब करून हवेतला कर्बवायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचा अंदाज मांडला होता. गाय कॅलेंडर नावाच्या ब्रिटिश अभियंत्याने १९३८ मध्ये, जुन्या नोंदी गोळा करून, कर्बवायूही वाढतो आहे आणि तापमानही, असा दावा केला. बहुतेक तज्ज्ञांना तो पटला नाही. एक कारण असे की महासागरात वातावरणाच्या सुमारे पन्नासपट कार्बन सामावलेला आहे. माणसाने सोडलेला वायू समुद्र सहज पिऊन टाकेल असे मानले जात असे. दुसरे कारण असे की ज्या नोंदींवर कॅलेंडर विसंबले होते, त्यांचा एकमेकींशी मेळच बसत नव्हता. एका ठिकाणी एक आकडा यायचा, दुसरीकडे त्याच्या कितीतरी वर किंवा खाली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणी तिसराच.

त्यामुळे १९५० च्या दशकाच्या आरंभी सर्वसाधारण मत असे होते की कर्बवायूचे प्रमाण जागेनुसार आणि वाऱ्यानुसार बदलतेच, त्याला जागतिक सरासरी असा काही अर्थ नाही. काटा दर वेळी पन्नास ग्रॅम इकडे-तिकडे हलत असेल, तर पाकिटाचे वजन एका ग्रॅमने वाढले की नाही हे सांगता येणार नाही. मात्र त्यावरून पाकिटाला वजनच नाही असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. दोष पाकिटात नसून काट्यात असू शकतो, ही शक्यता फारशी कोणी गांभीर्याने घेतली नव्हती.

नदीकाठचा तंबू

कीलिंग यांचा जन्म १९२८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन येथे झाला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून त्यांनी १९५४ मध्ये रसायनशास्त्रात पीएच.डी. मिळवली, तीही बहुवारिकांच्या, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थांच्या रसायनशास्त्रात. प्लास्टिकचा उद्योग तेव्हा भरभराटीला आला होता आणि अशा पदवीधराला नोकरीची ददात नव्हती. परंतु डोंगर-दऱ्यांत भटकण्याची ओढ असलेल्या या तरुणाने तो रस्ता सोडून भूरसायनशास्त्राची वाट धरली आणि कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये हॅरिसन ब्राऊन यांच्याकडे संशोधन सुरू केले.

तिथे त्यांनी हाती घेतलेला प्रश्न हवामानाचा नव्हताच. नद्यांच्या आणि भूगर्भातल्या पाण्यातील कार्बोनेट, चुनखडक आणि वरची हवा यांच्यात समतोल असतो का, हे त्यांना पाहायचे होते. त्यासाठी हवेतला कर्बवायू अचूक मोजणे भाग होते, आणि तसे उपकरण तयार मिळत नसल्यामुळे त्यांनी स्वतःच एक दाबमापक बनवला. त्याची रीत अशी: पाच लिटरच्या निर्वात केलेल्या काचेच्या चंबूत बाहेरची हवा घ्यायची, ती द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीतून नेऊन तिच्यातला कर्बवायू गोठवायचा, बाष्प वेगळे काढायचे, मग गोठलेला कर्बवायू ठरावीक जागेत पुन्हा वायुरूप होऊ द्यायचा आणि त्याचा दाब पाऱ्याच्या स्तंभावर मोजायचा. एकेका नमुन्याला बराच वेळ खाणारी ही पद्धत होती, पण तिची अचूकता आधीच्या पद्धतींच्या कितीतरी पुढे होती.

ही संस्था ज्या शहरात आहे त्या पॅसाडेनाच्या छपरावर घेतलेले नमुने शहराच्या धुरामुळे अर्थातच विस्कळीत आले. म्हणून कीलिंग कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील बिग सर येथील उंच वृक्षांच्या जंगलात गेले, तिथे तंबू ठोकला आणि दिवसाच नव्हे तर रात्रीही झोपेतून उठून दर काही तासांनी चंबू भरत राहिले. इतक्या वारंवार नमुने घेण्याची त्या प्रश्नासाठी गरज नव्हती. त्यांनी पुढे स्वतःच कबूल केल्याप्रमाणे, त्यांना ते करण्यात मौज वाटत होती. माझ्या मते या साऱ्या कथेतली सर्वांत महत्त्वाची घटना हीच आहे, कारण शोध त्या अनावश्यक नमुन्यांत दडलेला होता.

रात्री कर्बवायूचे प्रमाण वाढत होते आणि दिवसा उतरत होते. मात्र दुपारचा आकडा कुठेही गेले तरी सुमारे ३१० पीपीएमच येत होता, मग ते जंगल असो, वाळवंट असो की डोंगरमाथा. कारण सोपे आहे. रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन साचून राहते, आणि झाडे व माती श्वसनातून सोडत असलेला कर्बवायू तिच्यात जमत जातो. दुपारी ऊन जमिनीला तापवते, हवा वर चढते आणि वरच्या विस्तीर्ण वातावरणाशी मिसळून जाते. ढवळलेल्या भांड्यातून एक चमचा घेतला तरी भांड्यातल्या सगळ्या पाण्याची चव कळते. दुपारची हवा म्हणजे असा ढवळून घेतलेला चमचा होता. 'कर्बवायू जागोजाग वेगळा असतो' हे मत जमिनीला चिकटलेल्या न ढवळलेल्या हवेबद्दल खरे होते, वातावरणाबद्दल नव्हे. जगाच्या हवेला एक आकडा असतो, ही गोष्ट तिथे पहिल्यांदा स्पष्ट झाली.

एकदाच मोजायचे की सतत?

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष म्हणून साजरे होत होते आणि पृथ्वीच्या अभ्यासासाठी निधी उपलब्ध होता. स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक रॉजर रेव्हेल आणि अमेरिकी हवामान खात्यातील हॅरी वेक्सलर या दोघांनीही कीलिंग यांना हाताशी धरले. रेव्हेल यांची कल्पना अशी होती की जहाजे आणि विमाने पाठवून जगभरचे नमुने एकदा घ्यावेत, आणि वीसेक वर्षांनी पुन्हा घेऊन दोहोंची तुलना करावी. कीलिंग यांना सतत चालणारे यंत्र हवे होते. दोन छायाचित्रांवरून मूल वाढले एवढे कळते, ते कोणत्या महिन्यात किती वाढले आणि मध्ये आजारी पडले होते का हे कळत नाही.

अखेर हवाईतील मौना लोआ पर्वताच्या उतारावर, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, अवरक्त किरणांवर चालणारे विश्लेषक यंत्र बसवण्यात आले. अवरक्त किरण म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, पण त्वचेला ऊब म्हणून जाणवणारा प्रकाश. यंत्रातील नळीतून हवा खेळवायची, तिच्यातून अवरक्त किरण सोडायचे आणि पलीकडे किती पोहोचतात ते पाहायचे. कर्बवायू जितका जास्त, तितके किरण जास्त शोषले जातात. ज्या गुणधर्मामुळे कर्बवायू पृथ्वीला तापवतो, तोच गुणधर्म येथे त्याला मोजण्याच्या कामी येतो. 'कर्बवायू उष्णता अडवतो हे सिद्ध झालेले नाही' असे कोणी म्हणाले, तर त्याला एवढेच सांगता येईल की तसे असते तर हे यंत्र चाललेच नसते.

मार्च १९५८ मध्ये पहिली नोंद झाली: ३१३ पीपीएम. पहिले वर्ष गैरसोयींचे होते. वीज जायची, यंत्र बंद पडायचे आणि आकडे महिन्यागणिक बदलायचे. मे महिन्यापर्यंत ते चढले, मग उतरत गेले, आणि हिवाळ्यात पुन्हा चढू लागले. यंत्रच बिघडले आहे की काय अशी शंका कीलिंग यांना आली. दुसऱ्या वर्षी हीच लय जशीच्या तशी परतली, तेव्हा उलगडा झाला. पृथ्वीवरची बरीचशी जमीन आणि म्हणून बरीचशी वनस्पती उत्तर गोलार्धात आहे. तिकडच्या उन्हाळ्यात पाने फुटतात आणि हवेतला कर्बवायू ओढून घेतात. थंडीत पाने गळतात, कुजतात आणि तो परत सोडतात. एका पर्वतावरच्या कागदाच्या पट्टीवर अर्ध्या जगाच्या रानांचा ऋतुक्रम उमटत होता.

आणि दुसऱ्या वर्षीची सगळी लय पहिल्या वर्षापेक्षा थोडी वर सरकलेली होती. १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात कीलिंग यांनी दक्षिण ध्रुवावरच्या नोंदींसह ही वाढ दाखवली. त्या काळी ती वर्षाला एक पीपीएमहूनही कमी होती. अलीकडे ती अडीचच्या आसपास आहे. ऋतूंमुळे आकडा दर वर्षी सहा-सात पीपीएम वर-खाली होतो, म्हणजे जिना चढणारा माणूस सहा पायऱ्या चढतो आणि साडेतीन उतरतो, पुन्हा सहा चढतो. त्याला एखाद्या क्षणी पाहिले तर तो उतरतानाही दिसेल. तो वरच चालला आहे हे कळायला वर्षानुवर्षे पाहत राहावे लागते. हाच आलेख आज 'कीलिंग वक्र' म्हणून ओळखला जातो.

ज्वालामुखीवर बसून मोजलेला आकडा खरा कसा?

मौना लोआ हा जागृत ज्वालामुखी आहे आणि ज्वालामुखीतून कर्बवायू निघतो, तेव्हा ही शंका यायलाच हवी. ती पहिल्या दिवसापासून कीलिंग यांनाही होती. रात्री वारा डोंगरावरून खाली वाहतो आणि कधी कधी शिखराजवळच्या भेगांतला वायू घेऊन येतो. तेव्हा आकडा एकदम उसळतो आणि थरथरत राहतो. दुपारी वारा खालच्या रानातून वर येतो आणि झाडांनी कर्बवायू शोषलेली हवा आणतो. तेव्हा आकडा घसरतो. या दोन्ही वेळा ओळखू येतात, कारण वातावरणाची मुख्य धारा वाहत असते तेव्हा नोंद तासन्‌तास स्थिर असते. सरासरीसाठी फक्त तेच स्थिर तास धरले जातात. वजन करताना पारडे डोलायचे थांबेपर्यंत वाट पाहण्यासारखेच हे आहे.

याहून ठोस उत्तर असे की अलास्काच्या उत्तर टोकाला, सामोआ बेटांवर आणि दक्षिण ध्रुवावरही हीच चढण दिसते, आणि तिथे मौना लोआचा धूर पोहोचत नाही. जगातल्या सगळ्या ज्वालामुखींचा मिळून दर वर्षीचा कर्बवायू माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्क्याच्याही आत भरतो.

दुसरी, कमी चर्चेत असलेली शंका काट्याबद्दलची आहे, आणि एखाद्या शास्त्रज्ञाचे आयुष्य खर्ची पडते ते बहुधा तिच्यापायी. समजा यंत्रच दर वर्षी अर्धा पीपीएम जास्त दाखवू लागले, तर वाढ खोटी असूनही आलेखात दिसेल. यासाठी ज्यांच्यातले कर्बवायूचे प्रमाण आधीच अचूक माहीत आहे असे वायू सिलिंडरमध्ये भरून ठेवतात आणि यंत्राला दिवसभरात पुन्हा पुन्हा ते 'हुंगायला' देतात. त्या सिलिंडरमधले प्रमाणही पुन्हा दाबमापकाच्या मूळ पद्धतीने तपासले जाते. सुरुवातीच्या सिलिंडरमध्ये कर्बवायू हवेऐवजी शुद्ध नायट्रोजनमध्ये मिसळलेला होता आणि त्यामुळे यंत्राचे वाचन थोडे चुकत होते, हे लक्षात आल्यावर कीलिंग यांनी जुन्या सगळ्या नोंदी दुरुस्त केल्या. १९७४ पासून अमेरिकेच्या सागर व वातावरण प्रशासनाने, म्हणजे नोआने, त्याच ठिकाणी स्वतंत्र यंत्रणेने मोजणी सुरू केली. दोघांच्या आकड्यांत पडणारा फरक सहसा एका पीपीएमच्या काही दशांशांपुरताच असतो.

वाढलेला वायू माणसाचाच कशावरून?

पहिला पुरावा साध्या जमाखर्चाचा आहे. एका टाकीत नळ चालू आहे आणि मोरीही उघडी आहे. नळातून दर वर्षी किती पाणी आले हे आपल्याला माहीत आहे, कारण कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू किती जाळला याच्या नोंदी देश ठेवतात: अलीकडे त्यांतून वर्षाला सुमारे ३७ अब्ज टन कर्बवायू निघतो. वातावरणात एक पीपीएम वाढ होण्यासाठी सुमारे ७.८ अब्ज टन लागतात. म्हणजे सगळा वायू हवेतच राहिला असता तर प्रमाण दर वर्षी साडेचारहून अधिक पीपीएमने वाढले असते. प्रत्यक्षात ते साधारण निम्म्याने वाढते. उरलेला भाग समुद्र आणि वनस्पती शोषून घेतात. तेव्हा निसर्ग या हिशेबात टाकी भरणारा नसून मोरीच्या बाजूचा आहे. समुद्राचे पाणी हळूहळू आम्लतेकडे झुकते आहे, हीही तो कर्बवायू घेत असल्याची खूण आहे.

दुसरा पुरावा कार्बनच्या जातींचा. एकाच मूलद्रव्याच्या, पण वेगवेगळ्या वजनांच्या अणूंना समस्थानिके म्हणतात. निसर्गात कार्बनची तीन आढळतात: १२, १३ आणि १४. कार्बन-१४ किरणोत्सारी आहे आणि सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा उरतो. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षे जमिनीखाली पडून असल्यामुळे त्यांत तो शिल्लकच नाही. हान्स स्यूस यांनी १९५५ मध्ये झाडांच्या वार्षिक कड्यांवरून दाखवले की हवेतला कार्बन-१४ पातळ होत आहे, म्हणजे कुठून तरी फार जुना कार्बन तिच्यात मिसळत आहे. (पुढच्या काही वर्षांत अणुचाचण्यांनी हवेत कृत्रिम कार्बन-१४ ची इतकी भर घातली की हा पुरावा वाचणे किचकट झाले.) ज्वालामुखीतल्या कर्बवायूतही कार्बन-१४ नसतो, म्हणून कार्बन-१३ कडे पाहावे लागते. वनस्पती हलका कार्बन-१२ पसंत करतात, आणि कोळसा-तेल हे प्राचीन जीवांचेच अवशेष असल्यामुळे त्यांत कार्बन-१३ कमी असतो. हवेतले कार्बन-१३ चे प्रमाण सातत्याने घटत आहे. ज्वालामुखी कारणीभूत असते तर ते असे घटले नसते.

तिसरा पुरावा कीलिंग यांच्या मुलाचा. राल्फ कीलिंग यांनी हवेतला ऑक्सिजन अतिसूक्ष्म अचूकतेने मोजण्याची पद्धत विकसित केली. काहीही जळते तेव्हा ऑक्सिजन खर्च होतो. समुद्राने किंवा ज्वालामुखीने कर्बवायू सोडला तर तो तसा खर्च होत नाही. हवेतला ऑक्सिजन घटतो आहे. ही घट एकवीस टक्क्यांच्या साठ्याच्या मानाने नगण्य आहे, श्वास कोंडण्याचे काहीच कारण नाही. पण जाळल्याची पावती म्हणून ती पुरेशी आहे.

एवढ्याशा प्रमाणाने पृथ्वी तापते?

मागे राहिलेल्या प्रश्नाकडे आता वळू. हवेचा ९९ टक्के भाग असलेल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनला पृथ्वीकडून परत निघणारे अवरक्त किरण जवळजवळ दिसतच नाहीत. ते त्यांच्यातून आरपार जातात. उष्णता अडवण्याच्या कामापुरता हा प्रचंड जमाव बघ्याचा आहे, काम करणारे मूठभरच आहेत: बाष्प, कर्बवायू, मिथेन आणि आणखी काही. तेव्हा लाल टोपीवाल्यांची तुलना सगळ्या शहराशी नव्हे, कामावर असलेल्यांशी करायला हवी, आणि त्यांची संख्या २८० वरून ४३० झाली म्हणजे दीडपटीहून अधिक झाली. बाष्पाचा वाटा कर्बवायूपेक्षा मोठा आहे हे खरे. परंतु जास्तीचे बाष्प काही दिवसांत पाऊस होऊन खाली येते. हवेत किती बाष्प टिकेल हे तिच्या तापमानावर ठरते, म्हणून ते मूळ तापवणारे नसून तापलेल्यात भर घालणारे आहे.

किती तापेल याचा पहिला भरवशाचा हिशेब स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्ये मांडला: कर्बवायू दुप्पट झाल्यास सुमारे २.३ अंश सेल्सिअस. मानाबे यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. त्याच वर्षीच्या आयपीसीसीच्या, म्हणजे हवामानबदलावरील संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी तज्ज्ञमंडळाच्या, अहवालाने हा आकडा बहुधा २.५ ते ४ अंशांच्या दरम्यान असल्याचे म्हटले. १९६७ च्या त्या हिशेबात आणखी एक भाकीत होते: जमिनीलगतची हवा तापेल, पण वरचा स्थितांबराचा थर थंड होईल. सूर्य प्रखर झाल्यामुळे पृथ्वी तापत असती तर तो थरही तापला असता. तो थंड झाला आहे.

पूर्वीही हे प्रमाण बदलत होतेच ना?

होते. अंटार्क्टिकातील बर्फात अडकलेल्या प्राचीन हवेच्या बुडबुड्यांवरून गेल्या ८ लाख वर्षांचा हिशेब लागला आहे. त्या सगळ्या काळात कर्बवायू साधारण १७० ते ३०० पीपीएमच्या दरम्यान राहिला. शेवटचे हिमयुग ओसरताना तो ऐंशी-नव्वद पीपीएमने वाढला, त्याला काही हजार वर्षे लागली. मौना लोआच्या यंत्राने सत्तर वर्षांहूनही कमी काळात ११५ पीपीएमची वाढ नोंदवली आहे. हिमयुगे संपताना आधी ऊब आली आणि मग कर्बवायू वाढला, असाही आक्षेप घेतला जातो. पृथ्वीच्या कक्षेतील बदलांनी सुरुवात केली, तापलेल्या समुद्राने कर्बवायू सोडला आणि त्या कर्बवायूने आणखी तापवले, असा तो क्रम होता. कोंबडी अंड्यातून येते म्हणून ती अंडे घालत नाही असे होत नाही.

मराठीत 'हवामान' हा शब्द आपण उद्याच्या पावसासाठीही वापरतो आणि तीस वर्षांच्या सरासरीसाठीही, त्यामुळे 'उद्याचे सांगता येत नाही, मग पन्नास वर्षांनंतरचे कसे सांगता?' हा प्रश्न मराठीत जरा जास्तच टोकदार होतो. विमा कंपनीला एका माणसाचा मृत्यू कधी होईल हे ठाऊक नसते, तरी लाख माणसांचा हिशेब ती बिनचूक मांडते. यापेक्षा अधिक त्या प्रश्नात नाही.

'हे तर नेहमीचेच काम'

कीलिंग यांची कारकीर्द बाहेरून यशस्वी दिसते. २००२ मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदकही मिळाले. आतून ती निधीसाठीच्या झगड्याची होती. संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्था नव्या शोधासाठी पैसा देतात. आणि एकदा 'कर्बवायू वाढतो आहे' हा शोध लागल्यावर तीच मोजणी पुढे चालू ठेवणे हे त्यांच्या लेखी नेहमीचे, रूक्ष काम ठरत होते. ते कोणत्याही सरकारी खात्याने करावे, त्याला शास्त्रज्ञ कशाला, असा युक्तिवाद त्यांना वारंवार ऐकावा लागला. कीलिंग यांचे म्हणणे नेमके उलट होते: नेहमीचे काम समजून केले की काट्यातली बारीक चूक कोणाच्या लक्षात येत नाही, आणि एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा जास्त तापते त्या, वर्षांत वाढीचा वेग बदलतो यासारख्या गोष्टी तर दशकांची अखंड नोंद असल्याशिवाय दिसतच नाहीत. त्यांच्या बाजूने सर्वांत बोलका पुरावा आलेखच आहे. तो पाच वर्षांनी थांबवला असता तर एक सौम्य चढण एवढेच हाती लागले असते. चढण स्वतःच तीव्र होत चालली आहे हे नंतरच्या वर्षांनी दाखवले.

हा माणूस उत्तम पियानो वाजवत असे आणि डोंगर चढत असे. जून २००५ मध्ये, ७७ व्या वर्षी, माँटानामध्ये डोंगरातून फिरून आल्यावर हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. मोजणी राल्फ कीलिंग यांनी पुढे चालू ठेवली. नोव्हेंबर २०२२ मध्ये मौना लोआचा उद्रेक झाला, लाव्हाने वेधशाळेचा रस्ता आणि वीज तोडली आणि यंत्रे बंद पडली; काही दिवसांतच शेजारच्या मौना केआ पर्वतावर तात्पुरती मोजणी सुरू करण्यात आली. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात हवामान संशोधनाला मोठी कात्री लावण्याचे सुचवले गेले, त्यात मौना लोआच्या वेधशाळेचाही समावेश होता.

अशी कात्री पूर्वी एकदा प्रत्यक्ष लागलेली आहे. १९६४ मध्ये सरकारी खर्चकपातीमुळे मौना लोआचे यंत्र काही काळ बंद ठेवावे लागले. स्क्रिप्सच्या मासिक तक्त्यात त्या वर्षीच्या फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिलसमोर आजही मोजलेला आकडा नाही. तक्ता सलग दिसावा म्हणून उरलेल्या नोंदींवर बसवलेल्या वक्रावरून काढलेला अंदाज वेगळ्या रकान्यात दिला जातो.